दोन बेटांमधील अंतर

दोन स्थळांमधील अंतर किती, हा प्रश्न शाळेतल्या मुलासही सोडविता येण्याजोगा आहे, अशी आपली समजूत असते. नकाशा घ्यावा, पट्टी लावावी, उत्तर मांडावे. ते अंतर तोडावयास वेळ किती लागेल, हाही तसाच सरळ हिशेब; अंतराला वेगाने भागले की झाले. अशा प्रश्नात तत्त्वचिंतकाने लक्ष घालावे असे काही असेल, असे सहसा कोणास वाटत नाही. आम्हांस मात्र असे वाटते की, या दोन सोप्या त्रैराशिकांच्या पोटात नीतिशास्त्राचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जेथे रस्ते अनेक आणि गाड्या अनेक, तेथे तो झाकला जातो. तो उघडा पाहावयाचा तर जगाच्या अगदी कडेची दोन स्थळे घेतली पाहिजेत.

दक्षिण अटलांटिक महासागरात सेंट हेलेना आणि असेन्शन अशी दोन बेटे आहेत. दोन्ही इंग्लंडच्या ताब्यात आहेत आणि दोहोंवर आज विमानतळ आहे. सेंट हेलेना दक्षिण अक्षांश १६ च्या जवळ आहे, असेन्शन ८ च्या जवळ. म्हणजे अक्षांशांतील फरक सुमारे ८ अंशांचा, आणि एका अंशास १११ किलोमीटर धरले तर ८९० किलोमीटरांच्या आसपास. रेखांशांतील फरक पावणेनऊ अंश आहे. परंतु विषुववृत्तापासून दूर जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ येत असल्यामुळे तो ९५० किलोमीटरच भरतो. या दोन भुजांवर कर्ण काढला तर १३०० किलोमीटर येतात. पृथ्वीच्या गोलाईचा बारीक हिशेब केला तरी या उत्तरात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. मुंबईहून दिल्लीस विमान जाते त्यापेक्षा हे अंतर थोडेसेच अधिक आहे. तासाला ८०० किलोमीटर जाणारे विमान घेतले, उड्डाणास व उतरण्यास लागणारा वेळ त्यात मिळविला, तर दोन तासांत प्रवास संपतो. दोन्ही बेटांवर घड्याळे ग्रिनिचच्या वेळेवर चालतात, तेव्हा उतरल्यावर काटे फिरविण्याचेही कारण पडत नाही. १३०० किलोमीटर आणि दोन तास: कोणत्याही गणितज्ञाने मान्य करावे असे हे उत्तर आहे.

आता हेच उत्तर एखाद्या माणसास लावून पाहू. सेंट हेलेनाचे पुष्कळ रहिवासी पोटासाठी असेन्शनवर नोकरीस जातात; पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत. समजा, त्यांपैकी एकास महिन्याच्या मध्यावर घरून निरोप आला की, आई अत्यवस्थ आहे, भेटावयाचे असेल तर निघून ये. पूर्वी हा प्रवास जहाजाने होत असे आणि त्यास सुमारे दोन दिवस लागत. नोव्हेंबर २०१७ पासून दोन बेटांमध्ये विमान जाऊ लागले, म्हणजे वेग चोवीस पटींनी वाढला. परंतु ही फेरी सुरू झाली ती महिन्यातून एकच! विमान नुकतेच येऊन गेले असेल तर या गृहस्थास पुढच्या फेरीपर्यंत थांबले पाहिजे. त्याच्या दृष्टीने आईच्या अंथरुणापर्यंतचे अंतर दोन तासांचे आहे काय? आम्ही म्हणतो, ते चार आठवडे आणि दोन तास इतके आहे, आणि त्यांतील चार आठवडेच खरे. दोन तासांची गणना सोडून दिली तरी चालेल. नकाशा पाहणारा पक्ष्याचे अंतर मोजतो, वेळापत्रक पाहणारा यंत्राचे. माणसाचे अंतर मोजावयाचे तर हाक ऐकू आल्यापासून पोहोचेपर्यंतचा काळ मोजला पाहिजे, आणि या काळात वाट पाहण्याचा भाग किती असतो हे ज्याने वाट पाहिली आहे त्यास सांगावयास नको.

आपल्या भाषेने हे पूर्वीच ओळखले असावे. दोन गावांमधील लांबी, दोन वस्तूंमधील भेद आणि मनुष्याचे मन, या तिन्ही गोष्टी आपण ‘अंतर’ या एकाच शब्दाने सांगतो. ‘मला अंतर देऊ नका’ असे कोणी म्हटले तर त्यात मैलांचा संबंध उरत नाही. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीस माहेर अंतरले, असे म्हणतात, आणि लहानपणी पोरका झालेल्यास आई अंतरली, असेही म्हणतात. एक बैलगाडीने पोहोचण्यासारखे असते, दुसरे कशानेच नाही, पण क्रियापद एकच. कोशकारांनी हे अर्थ क्रमांक घालून निरनिराळे केले आहेत आणि ते त्यांचे कामच आहे. बोलणाऱ्याच्या मनात मात्र ते एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणूनच अंतर ही केवळ भूगोलाची गोष्ट आहे, तिच्याशी नीतीचा संबंध नाही, असे कोणी म्हणू लागला तर मराठी माणसास ते चमत्कारिक वाटावे.

भूगोल बदलत नाही, डोंगर आणि समुद्र जेथल्या तेथे असतात, म्हणून दूर असणे हे दैवाचे दान आहे, असे एक मत आहे. सेंट हेलेनाचा इतिहास या मताविरुद्ध साक्ष देतो. १५०२ साली पोर्तुगीज खलाशांना हे बेट सापडले तेव्हा त्यावर मनुष्यवस्ती नव्हती. १६५९ साली ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजे ज्या कंपनीने पुढे आपल्या देशाचे भवितव्य फिरविले तिनेच, तेथे किल्ला बांधून वसाहत केली. कारण उघड होते. हिंदुस्थानातून माल भरून इंग्लंडास परतणारी जहाजे केपला वळसा घालीत आणि आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यावर शिडे सोडीत. तो वारा त्यांना सरळ या बेटाकडे आणी. गोडे पाणी, ताजा भाजीपाला, आजारी खलाशांस विसावा, हे सर्व तेथे मिळे. १८५५ साली सुमारे ११०० जहाजे या बेटास लागली. त्या काळी सेंट हेलेना एका हमरस्त्यावरचे ठाणे होते. मुंबई-कलकत्त्याच्या बातम्या लंडनच्या आधी तेथे कळत. मग १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. १८८९ साली जहाजांची संख्या २८८ वर आली. बेट आपल्या जागेवरून तसूभरही हलले नव्हते आणि तरीही ते दूर गेले होते. हजारो मैलांवर वाळूत खोदलेल्या एका चराने त्यास दूर नेले, आणि तो चर खोदणाऱ्यांच्या मनात या बेटाविषयी प्रेमही नव्हते आणि द्वेषही नव्हता; त्यांना त्याची आठवणच झाली नसेल. जवळीक आणि दुरावा माणसे निर्माण करतात, आणि बहुधा दुसरेच काही करीत असताना करतात, याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कधीकधी मात्र दुरावा जाणूनबुजून योजला जातो. १८१५ साली नेपोलियनला कोठे ठेवावे हा प्रश्न युरोपातील राजांपुढे उभा राहिला तेव्हा सेंट हेलेना निवडले गेले ते केवळ ते दूर म्हणून. इंग्लंडचा किनारा सोडल्यापासून तेथे पोहोचावयास त्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागला, आणि १८२१ साली तो तेथेच वारला. पुढे झुलूंचा राजा दिनुझुलू याला तेथे ठेवले, बोअर युद्धातील हजारो कैदी ठेवले. शिक्षेची ही रीत आपल्या वाचकांस अपरिचित नाही. काळे पाणी या दोन शब्दांत भिंती, बेड्या आणि पहारेकरी यांपेक्षा समुद्राचे भय अधिक आहे. आणि मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांची सहा वर्षे गेली त्या शिक्षेचे नाव हद्दपारी असेच होते. ज्या सरकारला अंतर ही शिक्षा म्हणून वापरता येते, त्या सरकारला अंतर ही निसर्गाची करणी असून आपण तिला जबाबदार नाही, असे पुढे म्हणता येत नाही. न्यायाधीशाने एखाद्यास उपाशी ठेवावयाची शिक्षा सांगावी आणि शेजारच्या निरपराध मनुष्याची भूक मात्र दैवाची म्हणावी, तसलाच हा प्रकार होईल.

आणि हे निरपराध शेजारी होते तरी कोण? बेट मूळचे निर्जन, तेव्हा आज तेथे राहणाऱ्या प्रत्येकाचे पूर्वज कोठून तरी आलेले, आणि त्यांपैकी बहुतेकांनी आपण होऊन ही जागा निवडलेली नव्हती. कंपनीचे शिपाई होते, निरनिराळ्या देशांतून आणलेले गुलाम होते, चिनी मजूर होते. गुलामांचा व्यापार इंग्रजांनी बंद केल्यावर त्यांचे आरमार इतर देशांची गुलामवाहू जहाजे समुद्रात पकडू लागले आणि १८४० नंतरच्या काही दशकांत अशा जहाजांतून सोडविलेले पंचवीस हजारांहून अधिक आफ्रिकन लोक या बेटावर उतरविले गेले. त्यांतले हजारो लोक रोगाने आणि जहाजांतल्या हालांनी तेथेच मेले. रूपर्ट्स व्हॅली नावाच्या खोऱ्यात त्यांना पुरले. पुढे विमानतळ बांधावयाचे ठरले, तेथवर सामान नेण्यासाठी याच खोऱ्यातून रस्ता काढावा लागला, आणि २००७–०८ साली खोदकाम केले तेव्हा ३२५ जणांचे अवशेष वर आले. त्यांत मुलांचे अवशेष पुष्कळ होते. बेटाला जगाजवळ आणण्यासाठी काढलेला रस्ता अशा माणसांच्या हाडांवरून गेला की ज्यांना आपल्या घरापासून कायमचे तोडून आणले होते. यावर भाष्य करण्याची आम्हांस आवश्यकता वाटत नाही.

हा विमानतळ हाच आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. २०१० नंतर इंग्लंडच्या सरकारने तो बांधावयास घेतला. सपाट जागा अशी बेटावर नव्हतीच. एक खोल घळ लक्षावधी टन खडकाने भरून काढून धावपट्टी तयार करावी लागली. खर्च सुमारे २८.५ कोटी पौंड झाला. बेटाची वस्ती साडेचार हजार. भागाकार केला तर दर माणशी ६३,००० पौंडांच्या वर पडतात. २०१६ च्या मे महिन्यात उद्‌घाटन व्हावयाचे होते. परंतु चाचणीसाठी मोठे विमान उतरू लागले तेव्हा कड्यावरून उसळणाऱ्या वाऱ्याने त्यास असे हिसके दिले की, नियोजित विमाने येथे उतरविणे धोक्याचे आहे, असे ठरले. ज्या वाऱ्याने अडीचशे वर्षे शिडांची जहाजे बेटाकडे आणली, तोच वारा विमानांस आडवा आला. इंग्लंडातील वृत्तपत्रांनी ‘जगातील सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ म्हणून त्याची टर उडविली. पार्लमेंटच्या हिशेब-समितीनेही कडक शब्दांत टीका केली. अखेर लहान जातीचे विमान निवडून, त्यात माणसे कमी घेऊन, १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिली नियमित फेरी आली. केपटाऊनहून जहाजाने पाच दिवस लागत, तेथे आता एका दिवसात पोहोचता येऊ लागले.

साडेचार हजार लोकांसाठी इतका पैसा खर्च करणे न्याय्य होते काय? आक्षेपकाची बाजू आम्ही दुबळी करून मांडू इच्छीत नाही, कारण ती दुबळी नाही. तो म्हणतो: पौंड कोठेही खर्चिला तरी पौंडच. इतक्या पैशांत आफ्रिकेतील एखाद्या प्रांतातील हिवतापाची औषधे, विहिरी, सूतिकागृहे झाली असती; वाचलेल्या जिवांची संख्या साडेचार हजारांच्या कितीतरी पट भरली असती. पुष्कळांचे पुष्कळ सुख हेच नीतीचे माप असेल, तर मूठभर लोकांच्या सोयीसाठी पुष्कळांचे प्राण बाजूस सारणे ही नीती नव्हे, लाड आहेत. शिवाय बेटवासीयांस कोणी बांधून ठेवलेले नाही. ज्यास जवळ यावयाचे असेल त्याने इंग्लंडास येऊन राहावे.

या शेवटच्या वाक्याचा समाचार आधी घेतला पाहिजे. १९८१ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने इंग्लंडात जाऊन राहण्याचा हक्कच या लोकांपासून काढून घेतला होता. ते इंग्रजी बोलत, इंग्लंडच्या राणीस आपली राणी मानीत, पण तिच्या देशात वस्ती करावयास त्यांना मोकळीक नव्हती. तो हक्क परत मिळावयास २००२ साल उजाडले. म्हणजे वीस वर्षे असे झाले की समुद्र होता तेवढाच राहिला, जहाजाचा वेग होता तोच राहिला, आणि कागदाच्या एका तुकड्याने इंग्लंड अनंत अंतरावर गेले. ‘यावयाचे असेल त्याने यावे’ असे म्हणणाऱ्याने आपले दार उघडे आहे की नाही हे आधी पाहावे. आणि दार उघडे असले तरीही, आपले गाव सोडल्यावाचून वैद्य मिळणार नाही, असे म्हणणे हा एक प्रकारे हद्दपारीचाच हुकूम आहे; फक्त हद्दपारीची दिशा उलटी.

राहिला मुख्य आक्षेप. त्यास आमचे उत्तर असे की, पुष्कळांचे पुष्कळ सुख हे माप दान करताना योग्य आहे, देणे फेडताना नाही. आपल्या हातात शंभर रुपये आहेत आणि ते धर्मार्थ द्यावयाचे आहेत, तर अधिकांत अधिक उपाशी लोकांस अन्न मिळेल तेथे ते द्यावेत, हे बरोबर. परंतु ज्याचे शंभर रुपये आपण लागतो तो दारात उभा असता, ‘तुझ्यापेक्षा दरिद्री माणसे जगात पुष्कळ आहेत’ असे सांगून त्यास वाटेस लावणे हे औदार्य नसून लबाडी आहे. या बेटावर माणसे आणली ती इंग्लंडच्या व्यापारासाठी. ठेवली ती इंग्लंडच्या आरमारासाठी. व्यापाराची वाट फिरली तेव्हा तेथेच सोडली तीही त्या व्यापाराच्याच सोयीसाठी. दूरपणा हा त्यांच्यावर आलेला प्रसंग नाही. तो त्यांच्याकडून घेतलेल्या चाकरीचा भाग आहे. म्हणून विमानतळाचा खर्च आम्ही दानाच्या खाती लिहीत नाही. देण्याच्या खाती लिहितो. देणे किती, याविषयी वाद होऊ शकेल, आणि तो व्हावा. धावपट्टीच हवी होती की नवे जहाज बांधून चालले असते, हा प्रश्न तर विचारावयासच हवा होता, आणि तो तेथे विचारलाही गेला होता. पण देणेच नाही, असे म्हणता येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. हा विमानतळ बांधताना ‘हे आमचे कर्तव्य आहे’ एवढ्यावर कोणी थांबले नाही. प्रवासी येतील, हॉटेले उभी राहतील, बेट आपल्या पायांवर उभे राहील आणि दरवर्षी द्यावे लागणारे अनुदान हळूहळू बंद होईल, असा हिशेब पुढे करण्यात आला. कर्तव्याला नफ्याचा अंगरखा चढविल्यावाचून ते चारचौघांत नेता येत नाही, असे आजकालच्या राज्यकर्त्यांस वाटते. एकट्या इंग्लंडचा हा दोष नाही, आपल्याकडेही डोंगरातल्या वाडीस पूल बांधावयाचा तर पर्यटन वाढेल असे टिपणात लिहावे लागते. परिणाम असा होतो की प्रवासी अपेक्षेप्रमाणे आले नाहीत म्हणजे कर्तव्यच खोटे ठरल्यासारखे दिसते. नफ्याचा अंदाज चुकला, एवढेच खरे असते. परंतु लोक हसतात ते कर्तव्याला. अत्यवस्थ रोग्यास पूर्वी जहाजाची वाट पाहत पडून राहावे लागे, त्यास आता विमानाने दक्षिण आफ्रिकेतील रुग्णालयात नेता येते, ही एकच गोष्ट जर आधीपासून उघडपणे पुढे ठेवली असती, तर ‘निरुपयोगी’ हे विशेषण वापरावयास वृत्तपत्रांस थोडा संकोच वाटला असता.

जवळ येण्याचे मोलही द्यावे लागते, हे विसरून चालणार नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत बेटाचे जहाज आपल्या शेवटच्या सफरीवर निघाले तेव्हा जेम्सटाऊनच्या धक्क्यावर माणसांची गर्दी झाली होती. हे टपालाचे जहाज असल्याने पत्रे, पीठ, मोटारी, नवरा-नवरी, शवपेटिका, सर्व त्यातूनच येत. पाच दिवस एका छपराखाली राहिल्यावर परका परका राहत नसे; परदेशी शिकून परतणारा मुलगा बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वीच अर्धा घरी आलेला असे. विमानातून उतरणारा माणूस एकदम येतो. त्याचे शरीर आले तरी मन मागून येत असते, असे आम्हांस वाटते. मात्र रोग्यास ही कारणे सांगून कोणी जहाजात बसवू नये.

हा सर्व विचार अटलांटिकमधील बेटांपुरता आहे, असे वाचकांपैकी कोणास वाटत असेल तर त्याने २०२० चा मार्च आठवावा. पुण्यात आईबाप आणि कॅलिफोर्नियात मुलगा, अशी घरे आपल्या मध्यम वर्गात आता थोडी नाहीत. हे अंतर १३,००० किलोमीटरांहून अधिक आहे, पण दीड दिवसात तोडता येते, म्हणून ते फारसे नाही, अशी सर्वांनी मनाची समजूत घातलेली होती. साथ आली, विमाने जमिनीवर बसली, आणि ते तेरा हजार किलोमीटर एका रात्रीत खरोखरीचे तेरा हजार झाले. कित्येकांनी आईबापांचा अंत्यविधी काचेच्या पडद्यावर पाहिला. समजूत वेळापत्रकावर उभी होती, आणि वेळापत्रक ही कोणीतरी रोज उठून पाळावयाची गोष्ट आहे, हे तेव्हा कळले.

असेन्शनवरही असेच घडले होते. तेथील धावपट्टी १९४२ साली अमेरिकनांनी युद्धासाठी बांधली आणि त्या बेटावर कलकलाट करणाऱ्या समुद्रपक्ष्यांवरून तिला ‘वाइडअवेक’ म्हणजे टक्क जागे असे गमतीदार नाव मिळाले. इंग्लंडहून फॉकलंड बेटांकडे जाणारी लष्करी विमाने तेथे विसावा घेत आणि काही साधे प्रवासीही त्यांतून ये-जा करीत. २०१७ साली धावपट्टी खराब झाल्याने ही मोठी विमाने बंद झाली. ती पुन्हा येऊ लागण्यास २०२३ साल लागले. मधल्या वर्षांत इंग्लंडात असलेल्या मुलाबाळांना भेटावयाचे तर असेन्शनवरच्या माणसाने आधी महिन्याच्या विमानाने सेंट हेलेनास, म्हणजे उलट दिशेस, जावयाचे. तेथून आफ्रिका, आणि मग उत्तरेकडे. शिवाय या बेटावर कायमचे राहण्याचा हक्क कोणासही नाही. नोकरी आहे तोवर राहावे, नोकरी संपली की निघावे, मग तेथे तीस वर्षे काढलेली असोत. एका बेटावर घर आहे पण सर्वांस पुरेल इतके काम नाही, दुसऱ्यावर काम आहे पण घर म्हणावयाची सोय नाही. आणि या दोहोंच्या मध्ये १३०० किलोमीटर. हे अंतर कमी करावयास विमानाचा वेग वाढवून उपयोग नाही, ते कायद्यानेच कमी होईल.

आमच्या म्हणण्याला एक अडचण आहे ती सांगून टाकतो. सेंट हेलेनाच्या दक्षिणेस सुमारे २४०० किलोमीटरांवर त्रिस्तान द कुन्या नावाचे तिसरे बेट आहे. त्यावर अडीचशेच्या आत-बाहेर लोक राहतात. देणे द्यावयाचे तर त्यांनाही विमानतळ द्यावा काय? आमच्या युक्तिवादाचा शेवट तेथे जाऊन पोहोचतो, असे कोणी म्हणेल. उत्तर देण्यापूर्वी त्या लोकांनीच काय केले ते पाहावे. १९६१ साली त्या बेटावर ज्वालामुखी जागा झाला आणि सगळी वस्ती, लहानमोठी सारी, उचलून इंग्लंडास आणली गेली. तेथे त्यांना घरे मिळाली, पगाराची कामे मिळाली, दवाखाना हाकेवर होता, दुकाने कोपऱ्यावर होती. जवळीक म्हणून जी काही गोष्ट असते ती त्यांना आयती मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांचे मत घेण्यात आले: येथे राहावयाचे की परत जावयाचे? परत जावे, असे १४८ जणांनी सांगितले. राहावे, असे ५ जणांनी. १९६३ साली बहुतेक सर्वजण आपल्या बेटावर परतले. तेथे आजही विमानतळ नाही, आणि केपटाऊनहून जहाजाने जावयास हवा चांगली असली तर एक आठवडा लागतो.